फुलबॅकचा नातू

आमच्या गाडीत माणसं तीन आणि आजोबा एक. चालवायला इब्राहिमभाई, त्यांच्या शेजारी आमचे इंग्रज वरिष्ठ आजोबासाहेब, मागच्या सीटवर मी, आणि माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेवर आजोबासाहेबांचे आजोबा, जे माझ्या जन्माआधीच इंग्लंडात वारले होते. सौदीतल्या अल-खोबरहून निघायचं, धाहरानच्या ऑफिसात हजेरी लावायची आणि तिथून दम्मामच्या पलीकडच्या यार्डात पाइपांचे जोड तपासायला जायचं, हा आमचा रोजचा रस्ता. त्या रस्त्यावर साहेबांनी आपल्या आजोबांचं नाव काढलं नाही असा एक दिवस मला आठवत नाही. आज उकडतंय म्हणावं, तर "माझे आजोबा खाणीत याहून गरम जागी गुडघ्यांवर बसून काम करायचे." गाड्यांच्या रांगेत अडकलो, तर "माझे आजोबा सामन्याला चालत जायचे आणि खेळून चालत परत यायचे." मी स्वभावाने कुरकुऱ्या माणूस आहे. पण ज्याच्या आजोबांनी एवढं सोसलं त्याच्या शेजारी बसून एसी नीट चालत नाही अशी तक्रार कशी करणार? मी गप्प बसायला शिकलो.

'आजोबासाहेब' हे नाव इब्राहिमभाईंनी ठेवलं. ते दापोलीकडचे, समुद्रकाठचे. अर्धं आयुष्य सौदीत स्टिअरिंगमागे गेलेलं. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण 'ग्रँडफादर' हा शब्द रोज इतका कानावर पडायचा की तो त्यांना पाठ झाला होता. एक दिवस मला म्हणाले, "सावंत, हा माणूस बापाचं नाव घेत नाय, बायकोचं घेत नाय. उठला की आज्या, बसला की आज्या. याला आजोबासाहेबच बोलायचं." मी साहेबांना अर्थ सांगितला. वाटलं रागावतील, पण ते इतके खूश झाले की फोनवरच्या निरोपाखाली 'अजोबा' अशी सही करू लागले. पुढे माझ्या बायकोने घोटाळा नको म्हणून त्यांच्या आजोबांना 'थोरले' म्हणायला सुरुवात केली. मीही इथे तसंच म्हणतो.

थोरले रग्बीचे खेळाडू होते, पैसे घेऊन खेळणारे. रग्बी म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी धरून आडवं पाडायचं, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं मी खोबर-दम्माम रस्त्यावर शिकलो. उत्तर इंग्लंडातले खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. शनिवारी खेळायला गेलं की पाळी बुडायची आणि रोज कापला जायचा. तिथले क्लब म्हणाले, तो बुडालेला रोज आम्ही भरून देतो. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींनी नाकं मुरडली; खेळायचे पैसे घेणं हे सभ्य माणसाचं काम नव्हे म्हणाले. तेव्हा उत्तरेकडच्यांनी वेगळी चूल मांडली, पुढे पंधराऐवजी तेरा गडी केले आणि नियमही आपल्या सोयीचे करून घेतले. थोरले या वेगळ्या चुलीवर जेवलेल्या सुरुवातीच्या पिढीतले. कोळशाच्या खाणीत सकाळची पाळी करून, कानामागची काजळी तशीच घेऊन ते दुपारी मैदानात उतरायचे. मधे महायुद्धात उमेदीची वर्षं गेली. परत आले आणि पुन्हा खेळायला लागले.

हे सगळं मी इब्राहिमभाईंना मराठीत सांगितलं, तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "यात काय नवल? आमच्या इथला गडी चढाईला चांगला असला की मुंबईचे गिरणीवाले उचलून न्यायचे. कागदावर कामगार, काम काय तर कबड्डी." मी हे साहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "पाय मोडला तर नोकरी राहायची का?" इब्राहिमभाईंनी आरशात माझ्याकडे पाहत सांगितलं, "राहायची. पण मग खरंच काम करायला लागायचं." साहेब खिडकीच्या काचेवर हात आपटून हसले आणि त्या दिवसापासून इब्राहिमभाई त्यांचे झाले. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, पण पकड कशी मारायची यावर दोघांचं रोज भांडण व्हायचं. इब्राहिमभाई घोटा धरायच्या बाजूचे, साहेब मांड्यांना मिठी मारायच्या. भांडण रंगात आलं की इब्राहिमभाई स्टिअरिंगवरचा एक हात सोडायचे आणि मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचो.

थोरल्यांची जागा मैदानात सगळ्यात मागे. तिला फुलबॅक म्हणतात. पुढचे बारा जण चुकले, कोणी त्यांना चकवून सुटला, तर त्याला अडवायला हा एकटाच. साहेबांचं म्हणणं असं की इन्स्पेक्टर म्हणजे फुलबॅकच. वेल्डर चुकतो, त्याचा फोरमन बघत नाही, कंत्राटदाराचा तपासनीस घाईत असतो, मग आपण. आपण सही केली की पाइप रंगवतात, ट्रेलरवर चढवतात, आणि तो कुठल्या तरी रिफायनरीत बसून त्यातून पेटणारा वायू वाहू लागतो. "मागे कोणी नाही, सावंत," हे त्यांचं पालुपद. मी नवा असताना एकदा जेवणाच्या घाईत म्हणालो की हा जोड बाकी ठीक दिसतो, पलीकडची बाजू उद्या बघू. त्यांनी मान वळवून माझ्या पाठीमागे कोणी आहे का ते शोधल्यासारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पलीकडची बाजू तेव्हाच बघितली आणि मग गारढोण भात खाल्ला.

त्यांची तपासायची रीत सगळ्या यार्डात चेष्टेचा विषय होती. टॉर्च, आरसा, मोजपट्टी हे सगळं झालं की हातमोजा काढायचा आणि जोडाच्या कडेने उघडा अंगठा फिरवायचा. उन्हाळ्यात तिथलं लोखंड तव्यासारखं तापतं. त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. खाणीत थोरले छताकडे नुसतं बघून आत जात नसत, काठीने ठोकून आवाज ऐकत. "डोळ्याला घरी जायची घाई असते," असं थोरले म्हणायचे म्हणे. कंत्राटदाराचा फोरमन हमदी हा इजिप्तचा, आवाजाने दांडगा आणि मनाने बरा. तो खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन यायचा, साहेबांच्या हातात पेला द्यायचा आणि म्हणायचा, "यल्ला मिस्टर, खलास?" म्हणजे चला, संपलं ना? साहेब गहवा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे, खजुराची बी खिशात टाकायचे आणि त्यांना येणारे अरबीतले एकुलते एक शब्द म्हणायचे, "शुवय्या, शुवय्या." म्हणजे जरा दमानं. हमदी आकाशाकडे हात करून निघून जायचा.

साठी उलटली तरी ते इथे का राहिले होते, हे आम्हाला माहीत होतं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं, तिकडचं घर विकून टाकलेलं. "तिकडे माझी वाट बघणारं एक थडगं आहे आणि एक मैदान," असं एकदा म्हणाले, तेही कोणाची कीव नको अशा आवाजात. त्या वयात करार वर्षावर्षाने वाढवून मिळतो. वैद्यकीय तपासणी आली, डोळ्यांची तपासणी आली. इन्स्पेक्टरला तर डोळ्यांची सगळ्यात आधी. तपासणीत नापास म्हणजे करार नाही, करार नाही म्हणजे इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही, आणि इकामा नाही म्हणजे खोबरच्या समुद्रकाठची संध्याकाळची फेरी, इब्राहिमभाईंशी भांडण आणि आमच्या घरचं शुक्रवारचं जेवण, सगळंच संपलं. त्यांच्या जगण्यात यापलीकडे फार काही उरलं नव्हतं. तपासणीचा महिना आला की ते आठवडाभर आधीपासून चिडचिडे व्हायचे.

शुक्रवारी दुपारी ते आमच्याकडे जेवायचे. माझी बायको वैशाली इथल्या एका खासगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. ती सुरमईची आमटी करायची, सोलकढी करायची, आणि हा सहा फुटी माणूस बाह्या सरसावून हाताने भात कालवायचा. काटे ते बोटांनी इतके अचूक काढत की वैशालीने त्यांना पहिल्याच महिन्यात कोकणचं नागरिकत्व देऊन टाकलं. जेवण झालं की आमच्या ऋचाला समोर बसवून इंग्रजी गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायला सांगायचे. आम्ही मराठीत विचारलं तर ही पोर इंग्रजीत उत्तर देणारी. साहेबांसमोर मात्र मुद्दाम मराठी शब्द पेरायची. ते म्हणत, तिचे उच्चार सुधारतील. हॉटेलातही मेनू तिलाच वाचायला लावायचे. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी थोरल्यांच्या मोठ्या सामन्याची गोष्ट सांगितली. चषकाचा अंतिम सामना, चिखल झालेलं मैदान, गच्च भरलेले कठडे. त्या काळी राखीव खेळाडू नसायचा. एक जण बाहेर गेला की उरलेल्यांनी कमी माणसांत खेळायचं. उत्तरार्धात एकाला पाडताना थोरल्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. कप्तानाने विचारलं, ठीक आहेस ना? थोरले म्हणाले, ठीक. आणि शेवटपर्यंत मैदानात उभे राहिले. साहेबांनी हे उभं राहून, भाताने माखलेला हात छातीशी धरून सांगितलं. ऋचाने टाळ्या वाजवल्या. वैशाली मात्र आपल्या धंद्याचं बोलली. "कॉलरबोन मोडल्यावर हात खांद्याच्या वर जात नाही. मग ते समोरच्याला पकडत कसे होते?"

साहेब खाली बसले आणि ताटातला काटा शोधू लागले.

"मग जिंकले का?" तिने विचारलं.

"ते शेवटपर्यंत उभे होते," साहेब म्हणाले आणि त्यांनी आणखी सोलकढी मागितली. वैशालीने भांडी घासताना मला म्हटलं की या माणसाने निकाल काही सांगितला नाही. मी म्हटलं, एवढ्या जुन्या सामन्याचा निकाल कोणाला आठवतो?

त्यानंतरच्या वर्षात काही गमती झाल्या, ज्यांना आम्ही गमतीच समजलो. मॉलबाहेर एकदा ते कोणा अनोळखी सौदी गृहस्थाच्या पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि बोलायला लागले. तो माणूस इतका सभ्य की त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. इब्राहिमभाई शोधत पोचले तेव्हा साहेबांच्या हातात त्या गृहस्थाने दिलेले खजूर होते. तो इब्राहिमभाईंना म्हणाला, "तुमच्या साहेबांचे आजोबा फार मोठे माणूस होते." आम्ही महिनाभर हसत होतो. साहेब म्हणाले, इथे सगळ्याच गाड्या पांढऱ्या, त्याला मी काय करू? चष्मा तर नेहमी घरीच राहिलेला असायचा. जोडांच्या एक्स-रे फिल्म बघायचं काम त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवलं; म्हणाले, तरुणांनी शिकायला हवं. त्या वर्षीच्या डोळ्यांच्या तपासणीला मी त्यांच्या मागेच रांगेत होतो. बारीक अक्षरांचं कार्ड त्यांनी घडाघडा वाचलं, शाळेत आम्ही पाढे म्हणायचो तसं, न अडखळता. माझ्या डोक्यात एवढंच आलं की या वयात माझी नजर अशी राहिली तर बरं.

मग राबिघच्या रिफायनरीसाठी पाइपांचे तयार तुकडे जायचे होते. काम उशिरा चाललेलं, हमदीचा आवाज चढलेला. बऱ्याचशा जोडांवर साहेबांनीच बघून सही केली होती. पाइप रंगवायचं काम राबिघला गेल्यावर व्हायचं होतं, म्हणून ते तसेच, उघडे, ट्रेलरवर चढवले होते. सकाळी ट्रेलर फाटकाकडे निघायच्या बेतात होता. आम्ही त्याच्या शेजारून चाललो होतो आणि साहेबांनी सवयीने, बोलता बोलता, हातमोजा काढून एका जोडावर अंगठा फिरवला. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. अंगठा परत फिरवला. मग मला हाक मारली.

"सावंत, इथे काय दिसतं?"

वेल्डच्या कडेला पाइप खोलवर खाल्ला गेला होता. त्याला आम्ही अंडरकट म्हणतो. तिथे भिंत पातळ राहते आणि दाबाखाली पहिली चीर तिथूनच जाते. मी सांगितलं.

"दिसतो?"

"स्पष्ट दिसतो."

"तू उभा आहेस तिथून?"

"हो."

त्या जोडावर आदल्या दिवशीच्या तारखेसह त्यांचीच सही होती. त्यांनी हातमोजा घडी घालून खिशात ठेवला, ट्रेलरसमोर जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायची खूण केली. हमदी लांबून ओरडत येत होता. साहेब त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "गाडीत चल."

गाडीत इब्राहिमभाईंनी एसी लावला आणि उतरून जाऊ लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. मग त्यांनी थोरल्यांच्या सामन्याचा निकाल सांगितला. मी वाक्यावाक्याने इब्राहिमभाईंसाठी मराठी करत होतो.

शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि थोरल्यांचा संघ थोडक्याने पुढे होता. समोरचा एक चपळ गडी कडेने सुटला. त्याच्यामागे धावायला दोघे तिघे होते, पण ते धावले नाहीत. कशाला धावतील? मागे फुलबॅक उभा होता, आणि त्या हंगामात त्याच्या हातून कोणी सुटलं नव्हतं. थोरले आडवे गेले. हात उचलायला गेले आणि हात वर आलाच नाही. तो गडी त्यांच्या खांद्याला घासून पलीकडे गेला. चषक गेला. नंतर कपडे उतरवताना मोडलेलं हाड लोकांनी पाहिलं आणि गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. मोडक्या हाडाने शेवटपर्यंत खेळला म्हणून. आणखी दोन हंगाम ते कसेबसे खेळले. पण हात पूर्वीसारखा झाला नाही. मग क्लबने सोडून दिलं आणि पुन्हा खाण. म्हातारपणी त्याच मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायला बसायचे. येणारा जाणारा त्यांना त्या सामन्याबद्दल बिअर पाजायचा आणि ते निमूट प्यायचे. खरं त्यांनी एकट्या नातवाला सांगितलं, अगदी शेवटी.

"ते म्हणाले," साहेब म्हणाले, "मी बाहेर गेलो असतो तर बाकीच्यांना कळलं असतं की आपण बारा आहोत. एखादा मागे येऊन उभा राहिला असता. मी उभा राहिलो, म्हणून त्यांना वाटलं आपण तेरा आहोत."

इब्राहिमभाईंनी विचारलं, "मग गेले का नाय बाहेर?"

"जिंकल्यावर जादा मिळायचे ते हवे होते. आणि मैदान सोडणारा माणूस असं नाव नको होतं. दुसरं कारण जास्त मोठं." मग ते समोरच्या काचेतून ट्रेलरकडे पाहत राहिले. "मला मधोमध धुकं दिसतं, सावंत. वर्ष होऊन गेलं. क्लिनिकमधलं कार्ड बदलत नाहीत. मला ते पाठ आहे."

मला त्यांचा राग आला, हे खरं सांगतो. त्या पाइपातून काय वाहणार होतं ते मला माहीत होतं आणि राबिघला माझ्या ओळखीची माणसं होती. पण राग फार वेळ टिकला नाही. ते गाडीतून उतरले आणि यार्डातल्या मॅनेजरच्या केबिनकडे न डगमगता चालत गेले.

आमचा मॅनेजर भला माणूस होता. त्याने दार लावून घेतलं आणि सोयीचा रस्ता दाखवला. तो एक जोड दुरुस्त करू, बाकीचे कशाला उकरायचे? करार संपेपर्यंत ऑफिसात बसा, डोळ्यांचं कोणाला कळायची गरज नाही, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. हे मला साहेबांनीच नंतर सांगितलं. म्हणजे खोबर, इकामा, शुक्रवारचं जेवण, सगळं परत हातात ठेवलं होतं, फक्त गप्प बसायचं होतं. साहेब म्हणाले, गेल्या तपासणीपासून मी सही केलेला प्रत्येक जोड दुसऱ्या माणसाने पुन्हा बघायला हवा, आणि का ते सगळ्यांना कळायला हवं. त्यांनी ते लिहून दिलं आणि त्या लिहिलेल्याबरोबर त्यांचा करारही संपला.

फेरतपासणी मी आणि एक केरळी सहकारी, आम्ही दोघांनी केली. बहुतेक जोड चांगले निघाले. अंगठा जिथे सगळीकडून फिरला होता तिथे त्याने डोळ्यांचं काम केलं होतं. पण काही सदोष सापडले, आणि त्यातले दोन असे की पहिल्याच दाबाला चिरले असते. राबिघचा माल रखडला. हमदी भर यार्डात साहेबांच्या अंगावर ओरडला, अरबीत आणि इंग्रजीत, जे तोंडाला येईल ते. साहेब डोक्यावरचं हेल्मेट काढून उभे राहिले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्याचं संपल्यावर त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि थोरल्यांचा सामना सांगितला, पहिल्यापासून निकालापर्यंत.  थोड्या वेळाने हमदीचा माणूस गहवा घेऊन आला. पेले दोन होते.

निघायच्या शुक्रवारी ते आमच्याकडे जेवले. वैशालीने त्यांना सोलकढीसाठी कोकम बांधून दिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नियमित जायची तंबी दिली. त्यांनी तिला म्हटलं, "तू विचारलं होतंस ते पकडत कसे होते. पकडत नव्हते." ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं." दम्मामच्या विमानतळावर जाताना गाडी दाराशी आली तेव्हा ते दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबले आणि म्हणाले, "ही आपलीच ना?" इब्राहिमभाई हसले आणि हसता हसता त्यांना रडू आलं. वाटभर पकडीवरून भांडण झालं. विमानतळावर साहेबांनी कबूल केलं की घोटा धरणं बरं, कारण त्याला दोन्ही खांदे शाबूत असावे लागत नाहीत. इब्राहिमभाई अजून सांगतात की आपण जिंकलो.

तिकडे ते बहिणीच्या मुलीजवळ, त्याच गावात राहिले. दर शुक्रवारी फोन यायचा. पुढे त्यांना अक्षर दिसेनासं झालं, माणसांच्या फक्त आकृत्या दिसायच्या. पण शनिवार-रविवारी मैदानावर जायचे आणि शेजारच्याला खेळ सांगायला लावायचे. फोनवर मला विचारायचे, "मागे कोण आहे आता?" मी म्हणायचो, मी आहे. मग एका हिवाळ्यात फोन येईना, आणि नंतर भाचीचा निरोप आला. मी इब्राहिमभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली.  त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती, माझ्या शेजारचीही. त्या दिवशी मला कळलं की मला ते किती हवे होते.

आमच्या विभागात एक रीत पडली आहे. कोणाला ताप असेल, रात्रभर झोप नसेल, घरी काही घडलं असेल, तर तो सकाळी सांगतो, "आज आपण बारा." कोणी कारण विचारत नाही. त्याच्या जोडांवर दुसरा माणूस नजर टाकतो. नव्या मुलांना हे कुठून आलं ते ठाऊक नाही. त्यांना वाटतं तो कामाच्या पद्धतीतलाच काही नियम असावा.

गेल्या पावसाळ्यात देवरुखहून सकाळीच भावाचा फोन आला की वडिलांना, आमच्या अण्णांना, रत्नागिरीला अतिदक्षता विभागात हलवलं आहे. विमान संध्याकाळचं होतं. घरी बसून काय करणार म्हणून मी यार्डात गेलो. कोणाला काही सांगितलं नाही. मला वाटलं, उभं राहायला काय हरकत आहे? हमदीचा एक शेवटचा जोड राहिला होता आणि ट्रेलर थांबला होता. मी टॉर्च मारला. जोड समोर होता आणि मला त्यात अण्णांचा चेहरा सोडून काही दिसत नव्हतं. पेन काढून मी तसाच उभा होतो.

हमदी जवळ आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. सवयीने म्हणाला, "यल्ला, खलास?" मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"इत्नाशर?"

अरबीत बारा. मी मान हलवली. त्याने माझ्या हातातलं पेन काढून माझ्याच खिशात लावलं, ट्रेलरच्या ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला माणूस पाठवला.